केंडाचा चावा

"हे जोडता येईल का गो?"

आप्पांनी टेबलावर काय ठेवलं ते बघायला मी मान वर केली आणि हातातली सुरी तशीच राहिली. माझ्यासमोर मेणाची वरची हिरडी होती आणि तिच्यात मी राजापूरच्या एका मास्तरीणबाईंचे दात बसवत होते. पुढचे सहा बसले होते, दाढा राहिल्या होत्या. त्या दातांच्या शेजारी आप्पांनी बोटभर लांबीचा एक मासा ठेवला होता. रबराचा. पाठ हिरवट, पोट चंदेरी, आणि शेपूट एका बारीक धाग्यावर लोंबणारं.

"कशानं तुटलं?"

"केंडानं. दुसऱ्या कोणाला एवढी हौस?"

आप्पा म्हणजे माझे सासरे, यशवंत तोडणकर. एसटीत ड्रायव्हर होते, उभा जन्म मुंबईची रातराणी चालवली. त्यामुळे असेल, पण शेजारी माणूस बसलाय आणि त्याच्याशी बोलायचं असतं, ही सवयच त्यांना नव्हती. मागच्या पडवीत मी कवळ्यांचं काम मांडलं तेव्हापासून त्यांनी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ते उंबऱ्याच्या आत येऊन उभे होते, पायाला खाडीचा चिखल तसाच.

मी मासा उचलून पाहिला. मऊ, लिबलिबीत, थोडा तेलकट. आमच्या कवळ्यांच्या मेणापेक्षा फार वेगळा नव्हता. स्पिरिटचा दिवा पेटवला, मेणाच्या कामाची पातळ सुरी ज्योतीवर धरली आणि तुटलेल्या दोन कडांच्या मधे हळूच सरकवली. रबर दोन्हीकडून ओलं झाल्यासारखं चमकलं. सुरी काढून घेतली आणि कडा एकमेकींना टेकवून धरल्या. पडवीभर करपट वास पसरला. आप्पांनी खांद्यावरचा पंचा नाकाला लावला, पण हलले नाहीत.

"ओढू?"

"थांबा, गार होऊ दे."

गार झाल्यावर त्यांनी शेपूट ओढलं. मग जोरात ओढलं. रबर ताणलं आणि परत जागेवर आलं. आप्पांनी मासा उजेडात धरून जोड शोधला. मग दरवाज्यापर्यंत गेले आणि वळले.

"हेमंतला सांगू नको."

हेमंत म्हणजे माझा नवरा. तो मालवाहू जहाजावर होता, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. आणि त्याला का सांगायचं नाही, हे मला ठाऊक होतं.

त्या नवरात्रात आप्पा कातळावरून घसरले होते. आमच्या घरापासून खाली उतरलं की खाडीच्या तोंडाशी एक मोठा काळा कातळ आहे. आप्पा लहानपणापासून तिथंच गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, जात. त्या दिवशी शेवाळावरून पाय गेला. हाड मोडलं नाही, पण घोटा असा सुजला की उभं राहता येईना, आणि भरती चढत होती. माणसं खाडीपार पोचवणाऱ्या तरीवाल्या इस्माईलचाचांना लांबून पंचा हललेला दिसला म्हणून बरं. ते होडी घेऊन पोचले तेव्हा पाणी आप्पांच्या कमरेला लागलं होतं.

दिवाळीला हेमंत रजेवर आला तो हे ऐकूनच. पाचव्या दिवशी अंगणातल्या खळ्यात आप्पांच्या समोर खुर्ची ओढून बसला.

"आप्पा, आता पुरे. मी तिकडे समुद्रात आणि इथं घरात तुम्ही दोघंच. जवळचा दवाखाना राजापूरला. पुढच्या वेळी तरीवाल्यानं बघितलं नाही तर? आपला पुण्याचा फ्लॅट रिकामा झालाय. तुम्ही आणि जया तिथं राहा. तिच्या जुन्या लॅबच्या बोधे मॅडम तिला कधीच्या बोलावतायत. तिचंही काम होईल."

मी दारात उभी होते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, हेमंतकडे पाहिलं, आणि उठून आत गेले. परत आले ते रबरी माशांच्या पिशव्या घेऊन. हेमंतनंच सिंगापूरहून आणलेले होते ते. तोंडाशी शिशाचा मणी असलेला गळ त्यांच्या पोटातून ओवायचा, रॉडनं लांब फेकायचा आणि रिळानं ओढत आणायचा. शेपूट पाण्यात असं वळवळतं की तांबोशी, गोबरा, जिताडा, कुणालाही तो जिवंत मासा वाटतो. शेपूट गेलं की मात्र नुसतं रबर. आप्पा आधी कोलंबी लावून गरवायचे, पण हे मासे आले आणि म्हातारपणी त्यांना नवाच नाद लागला. आमच्याकडे तेव्हा ते कुठल्या दुकानात मिळत नसत.

"हे एवढे संपू देत," आप्पा म्हणाले. "शेवटचा गेला की मी रॉड ठेवून देतो आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो. शब्द."

हेमंतला हसू आलं. "आणि हे जातील किती दिवस?"

"केंडाला विचार."

हेमंत खूश झाला. केंड काय करतात ते त्याला माहीत होतं. आमच्या खाडीत केंड भरपूर. हात लावला की पोटात हवा भरून चेंडूसारखा फुगणारा मासा, कोणी खात नाही, पण स्वतः दिसेल ते कुरतडतो. एका सकाळी दोन-तीन शेपट्या सहज नेतो. जाताना हेमंत मला एसटी स्टँडवर म्हणाला, "संपले की कळव, मी बाकीचं बघतो. आणि नवीन मागितले तर मी आणणार नाही हां."

मी मान हलवली होती.

तर असा तो पहिला मासा मी जोडला. दुसऱ्या दिवशी आणखी एक आला. त्यानंतर आप्पा रोज दहाच्या सुमाराला पडवीत येऊ लागले. सुरुवातीला मासे ठेवून जायचे. मग थांबू लागले. मग एक दिवस स्वतःचा चहा घेऊन आले, आणि पुढे माझाही.

जोडलेला मासा त्याच जागी पुन्हा फाटतो, हे लवकरच लक्षात आलं. विशेषतः तोंडाशी. गळ ओवताना तिथलं रबर फाकतं आणि मग प्रत्येक फेकीला मासा गळावरून खाली घसरतो. खालच्या जबड्याची कवळी नाजूक असली की आम्ही तिच्यात बारीक जाळी बसवतो. मी जुन्या मच्छरदाणीची पट्टी कापली, माशाच्या मानेत चीर पाडून आत सरकवली आणि वरून गरम सुरीनं चीर बंद केली. शिवाय गळाच्या मण्याला चिकटद्रवाचा एक थेंब लावून मासा वर दाबला.

आप्पा तो घेऊन गेले आणि दुपारी परत आले तेव्हा माशाच्या अंगावर दातांच्या खुणाच खुणा होत्या, पण मान जागेवर होती.

"गोबरा लागला," ते म्हणाले. "सोडवून परत टाकला, तर अजून एक लागला. त्याच माशावर."

"मग मासे कुठायत?"

"इस्माईलला दिले. म्हटलं, पंचा बघितलास त्याचे."

एकदा मात्र ते फारच पडेल चेहऱ्यानं आले. हातात श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा. पिशव्यांतून काढायला त्रास नको म्हणून त्यांनी सगळे मासे त्या डब्यात ओतून उन्हात ओट्यावर ठेवले होते. झाकण उघडलं तर आत एक गोळा. डब्याचा तळ वितळून माशांना चिकटलेला, तांबडा रंग पांढऱ्यात उतरलेला, शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या.

"गेले?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी डॉक्टरला विचारावा तसा विचारला.

"सगळे नाही. हे रबर मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं काहीतरी घालतात. ते तेल साध्या प्लास्टिकला खातं. आणि दोन जातींचे मासे एकत्र ठेवले तर एकमेकांनाही खातात."

"माणसांसारखे."

मी हसले. आप्पा विनोद करतात हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळी दुपार आम्ही एकेक मासा सोडवत बसलो. जे वाचले ते ज्याच्या त्याच्या मूळ पिशवीत सरळ झोपवले आणि पिशव्या स्टीलच्या डब्यात घालून माझ्या कपाटाच्या तळाशी ठेवल्या, ऊन लागणार नाही असे. ज्यांच्या शेपट्या दाबून वाकड्या झाल्या होत्या ते गरम पाण्यात बुडवले, तर आपोआप सरळ झाले. आप्पा पातेल्यावर वाकून बघत होते.

"एसटीत असतीस तर वर्कशॉपात लागली असतीस," ते म्हणाले.

कातळावर एकटं जायचं नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, म्हणून सकाळचं काम आटपून मीही जाऊ लागले. थर्मास आणि छत्री घेऊन वरच्या कोरड्या जागेवर बसायचं. तिथंच मी पहिल्यांदा केंड हातात धरला. तो कुरकुरत फुगला आणि मी त्याचं तोंड उघडायला गेले.

"बोट घालू नको!" आप्पा ओरडले. "तुकडा काढील!"

मग त्यांनीच पक्कडीनं जबडा फाकवून धरला आणि मी डोळे भरून पाहिलं. दातांचं काम करणाऱ्या बाईला अशी गंमत रोज मिळत नाही. चारच दात. दोन वर, दोन खाली, एकमेकांना लागून पोपटाच्या चोचीसारखे जुळलेले, आणि मधे जोडाची बारीक रेघ. मी तो पाण्यात सोडायला लावला. आप्पांना ते पटलं नाही, पण सोडला.

हेमंतचा फोन बंदराला लागलं की यायचा. पहिला प्रश्न ठरलेला.

"काय, संपले का?"

"आहेत अजून."

"अजून? केंड उपाशी आहेत काय यंदा?"

मी खोटं बोलत नव्हते. मासे खरोखरच होते.

आणि मग आम्ही तुकडे टाकायचंही बंद केलं. शेपटी नसलेली धडं, धड नसलेल्या शेपट्या, सगळं एका बरणीत साठत होतं. माझ्याकडे प्लास्टर होतंच. एक धड राहिलेला मासा घेऊन मी त्याचा दोन भागांचा साचा केला, कवळीचा करतात तसाच. खळ्यात, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, टाकाऊ पातेल्यात तुकडे मंद आचेवर वितळवले. धुराचा वास असा की शेजारच्या काकी कुंपणावरून विचारून गेल्या, घरात सगळं ठीक आहे ना. पहिला मासा बुडबुड्यांनी भरलेला निघाला. पुढचा नीट निघाला, फक्त सगळे रंग मिसळून त्याचा रंग आमसुलाच्या सारासारखा झाला होता.

आप्पांनी तो तळहातावर घेऊन शेपूट हलवून बघितलं. "सिंगापूरचा नाय वाटत."

"कराडचा आहे," मी म्हटलं. माझं माहेर कराडचं.

त्या कराडच्या माशावर दुसऱ्याच दिवशी तांबोशी लागली. आप्पांनी ती कातळावरून वर मला दाखवली आणि ओरडून म्हणाले, "तुझ्या माहेराला कळव!"

होळीच्या आधी बोधे मॅडमचा फोन आला. मी शिकाऊ होते तेव्हापासून त्यांच्या हाताखाली होते, मायेची बाई. खूप दिवसांनी बोलत होतो, जुन्या गोष्टी निघाल्या. एकदा एका पेशंटची कवळी दुसऱ्याच्या डब्यात गेली होती आणि त्या गृहस्थांनी ती दोन दिवस घालून बघितली होती, ती आठवण निघाली आणि मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मागे वळले तर आप्पा चहाचे दोन कप घेऊन दारात उभे. त्यांनी माझा कप ठेवला, आपला घेतला आणि गेले.

त्यानंतर काहीतरी बिनसलं. आप्पा पडवीत यायचे, पण बसत नसत. आणि मासे भराभर जाऊ लागले. एक दिवस दोन कातळाच्या फटीत अडकून तुटले. दुसऱ्या दिवशी एक दोरीच तुटून गेला. चाव्यांचे तर रोजच. मी एखादा जोडून देई, आणि संध्याकाळी तो दोन ठिकाणी तुटलेला परत येई. मला वाटलं, हवामान बदललं, केंड वाढले. मी जास्त वेळ मासे जोडत बसू लागले. राजापूरच्या डॉक्टरांच्या दोन कवळ्या त्या आठवड्यात उशिरा गेल्या.

शेवटी डब्यात सिंगापूरचे मोजकेच राहिले आणि कराडचे दोन. एका सकाळी आप्पांनी त्यातलाच एक आणून ठेवला. मधोमध तुटलेला.

"राहू दे आता," ते म्हणाले. "याच्यात काय उरला नाय. जोडू नको."

ते वळले. मी दोन्ही तुकडे उजेडात धरले. दुसऱ्यांच्या दातांच्या खुणा बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. कोण कुठल्या बाजूनं चावतो, कोण झोपेत दात खातो, मला मेणावरून कळतं.

"आप्पा, हा कशानं तुटला?"

"केंडानं."

"केंडाचा चावा नखासारखा गोल येतो. मधे दोन दातांच्या जोडाची रेघ उमटते. ही कड सरळ आहे, आणि गुळगुळीत. ही सुरी आहे."

आप्पांनी तोंड बाहेर माडांकडे वळवलं. तसेच म्हणाले, "कांदे कापायची."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. एवढे महिने मी जे जोडत होते ते हा माणूस कापून आणत होता.

"का?" मी विचारलं. "तुम्हाला इथं राहायचं नाही?"

"मला?" ते गर्रकन वळले. "मला राहायचं नाय कसं? माझा जन्म इथला."

"मग?"

आप्पा खाली बसले, उंबऱ्यावरच. पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"त्या दिवशी तू फोनवर हसत होतीस. तुझ्या मॅडमशी. खुर्चीचा काहीतरी बोलत होतीस. या घरात आल्यापासून तुला असा हसताना मी ऐकला नव्हता. मला वाटला, बघ, हिची खरी जागा तिकडे आहे. आणि हा म्हातारा रबराचे मासे जपत बसलाय, म्हणून पोरगी अडकून पडलीय. वर माझेच मासे जोडतेय, तोंडातून एक शब्द न काढता." त्यांनी मान खाली घातली. "मला लाज वाटली गो. म्हटला, लवकर संपवूया. तू सुटशील."

मी स्टुलावरून उठून त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"मॅडम म्हणत होत्या, तुझी खुर्ची अजून रिकामी ठेवलीय. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला यायचं नाही."

आप्पांनी वर पाहिलं.

"पुण्याला आमची लॅब तळघरात होती. सकाळी आत जायचं, अंधार पडल्यावर बाहेर यायचं. हजारो लोकांचे दात केले मी, आणि त्यातल्या एकाचंही तोंड बघितलं नाही. इथं मास्तरीणबाई कवळी घालून पडवीत येतात आणि माझ्यासमोर पेरू खाऊन दाखवतात. मला नाही जायचं, आप्पा. हेमंतनं त्या दिवशी खळ्यात विषय काढला तेव्हाच मला म्हणायचं होतं. पण तुमच्या जिवाचा प्रश्न होता. कशी बोलणार?"

"म्हणजे हे मासे जोडत होतीस, ते..."

"माझ्यासाठी. तुम्हाला वाटलं तुमच्यासाठी?"

आप्पांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतात की काय. पण ते हसत होते, आवाज न करता, तोंडावर पंचा धरून.

"म्हणजे मी माझेच मासे कापले!"

"किती कापले?"

"चार-पाच असतील. दोन मुद्दाम कातळात अडकवले." मग त्यांचं हसू मावळलं आणि ते अगदी मनापासून हळहळले. "त्यातला तो हिरव्या पाठीचा काय होता गो! पहिला जोडलास तो."

त्या दिवशी आम्ही ठरवलं की हेमंतला सगळं सांगायचं, पण फोनवर नाही.

तो मे महिन्यात आला. रात्रीच्या गाडीनं पोचला, सकाळी आंघोळ करून खळ्यात आला, आणि मी त्याच्यासमोर डबा उघडून ठेवला. त्यानं एकेक मासा काढून पाहिला. ठिगळं, जाळी, आमसुली रंगाची नवी पिलावळ. आधी त्याला कळेना. मग मी सांगत गेले आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"अरे, तू विचारलंच नाहीस. फोन आला की 'संपले का' एवढंच."

"मी सहा महिने तिकडे हिशेब लावत बसलो होतो," तो म्हणाला. "मला रात्री डोळा मिटला की तेच दिसतं. पाणी कमरेला लागलेलं आणि कोणी नाही. त्या दिवशी आमचं जहाज कुठं होतं माहितेय? मला कळायलाच आठवडा गेला. तुम्ही दोघं इथं मजेत मासे बनवा, मी कशाच्या भरवशावर जाऊ?"

त्याचं म्हणणं खरंच होतं. एवढे दिवस आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो, आणि तो कुठं उभा आहे ते आमच्यापैकी कोणी बघितलं नव्हतं.

आप्पाच बोलले. "कातळ सोडला तर?"

हेमंतनं हातातला मासा डब्यात ठेवला. आप्पांनी कातळ सोडणं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आप्पांचे वडील तिथं गरवायचे. हेमंत पोहायला तिथंच शिकला होता.

"जेट्टीवरून टाकीन," आप्पा म्हणाले. "पायऱ्या आहेत, कठडा आहे, तरीची माणसं असतात. एकटा जाणार नाय. हिच्याबरोबर, नायतर इस्माईल असेल तेव्हाच. कातळावर परत पाय ठेवला तर तू म्हणशील त्या गावाला येईन."

"जेट्टीवर तांबोशी लागते का?" मी विचारलं.

"नाय लागत," आप्पा म्हणाले, आणि उठून घरामागे गेले. बराच वेळ आले नाहीत. विहिरीवर रहाटाचा आवाज येत होता. पाणी भरायची काही गरज नव्हती, सगळ्या कळश्या भरलेल्या होत्या.

हेमंत डब्यात बघत बसला होता. त्यानं मच्छरदाणी घातलेला एक मासा उचलला, मान दोन्ही हातांनी ओढून पाहिली, आणि विचारलं, "हे कशानं चिकटवलंस?"

मी सांगितलं. तो आणखी विचारत गेला, मी सांगत गेले. दुपारी त्यानं पुण्याच्या दलालाला फोन केला आणि फ्लॅटला भाडेकरू बघायला सांगितलं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आप्पा त्यानंतर पुष्कळ जगले आणि शब्दाप्रमाणे कातळावर गेले नाहीत. कधी कधी जेट्टीवरून त्या दिशेला नुसते बघत उभे राहत. माझ्या पडवीत आता दोन मुली हाताखाली आहेत. पण माझ्या मनात त्या मे महिन्यातली एक संध्याकाळ जास्त राहिली आहे.

आम्ही तिघंही जेट्टीवर गेलो होतो. रॉड हेमंतच्या हातात होता, आणि आप्पा त्याला सारखे शिकवत होते. हळू ओढ. एवढा हळू नको. थांब, जरा बुडू दे. हेमंत वैतागून रॉड त्यांच्या हातात द्यायला वळला आणि त्याच क्षणी रॉड कमानीसारखा वाकला. रीळ किंचाळायला लागलं. आप्पा कठड्याला धरून ओरडत होते, इस्माईलचाचा होडीतून ओरडत होते, आणि तीन समुद्र पार करून आलेला माझा नवरा घाबरून मला म्हणत होता, "जया, धर, धर!" मी काय धरणार? शेवटी चाचांनी खालून जाळं लावलं तेव्हा वर आला तो हातभर लांबीचा जिताडा, खवले मावळतीला तांब्यासारखे चमकणारे.

रात्री मी त्याचं कालवण केलं. तिघं एकत्रच जेवायला बसलो. आमच्या घरात मोठ्या माशाचं डोकं आप्पांचं, हे सासूबाई होत्या तेव्हापासून ठरलेलं. मी ते त्यांच्या ताटात वाढलं. आप्पांनी ते उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं.

"मला काटे काढायला जमत नाहीत, आप्पा," मी म्हटलं. "मी कराडची. तुकडीच बरी."

"दुसऱ्यांचे जबडे करतेस आणि एक उघडता येत नाय?"

त्यांनी हात पुढे करून जिताड्याच्या गालाखाली अंगठा घातला, एक पातळ हाड अलगद वर केलं आणि त्याखालचा पांढरा, लोण्यासारखा तुकडा माझ्या भातावर काढून ठेवला.

"हा खा आधी," ते म्हणाले. "हा पाहुण्याला देत नाय."

आणि रश्श्याची वाटी जवळ ओढून ते जेवायला लागले.